घनता एकाच्या वर गेली म्हणून प्रश्न सोडू नका

एफवायच्या परीक्षेत प्रश्न होता: वाट बघण्याचा वेळ 0 ते 0.5 तास, युनिफॉर्म (म्हणजे मधली प्रत्येक वेळ सारखीच शक्य). घनता फलन लिहा, म्हणजे प्रोबॅबिलिटी कुठे किती दाट आहे ते सांगणारं सूत्र. मी 1 भागिले 0.5 केलं. आलं 2. प्रोबॅबिलिटी एकाच्या वर जात नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा 2. शेवटी ठसक्यात लिहिलं, "प्रश्नात चूक आहे." सगळे गुण गेले. आठवलं की अजून कान गरम होतात.

गंमत म्हणजे मी रोज धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून पुढे दापोलीला कॉलेजला जायचो. म्हणजे उत्तर रोज धक्क्यावर समोर होतं. समजा बोट दर 30 मिनिटांनी सुटते आणि तुम्ही घड्याळ न बघता येऊन उभे राहता. (ही अट सोडू नका. वेळापत्रक बघून घरातून निघणाऱ्याला हे गणित लागूच नाही.) घनतेचा आलेख काढा, एक आयत येतो, आणि त्याचं क्षेत्रफळ 1 यायलाच हवं. मिनिटांत मोजलं तर रुंदी 30, उंची 1/30. तासांत मोजलं तर रुंदी 0.5, उंची 2. बोट तीच, खाडी तीच, उंची मात्र साठपट!

म्हणून सांगतो, उंची ही प्रोबॅबिलिटी नव्हेच. घावन घाला. पीठ एकच पळी. तव्यावर लांब पसरलंत तर पातळ, आखूड ठेवलंत तर जाड. घनता म्हणजे ती जाडी. ती कितीही होऊ दे. प्रोबॅबिलिटी म्हणजे तुम्ही कापून घेतलेल्या तुकड्यातलं पीठ, आणि ते एका पळीहून जास्त होणार कसं? 12 ते 18 मिनिटं वाट बघावी लागण्याची शक्यता काढा: 6 गुणिले 1/30, म्हणजे 0.2. तासांत 0.2 ते 0.3: 0.1 गुणिले 2, पुन्हा 0.2. हे एकदा स्वतःच्या हाताने करा, वाचून सोडू नका. आणि बरोबर 12 मिनिटं? शून्य. सुरीच्या पात्याइतक्या रेषेत पीठ नसतं.

सरासरी 15 मिनिटं. व्हेरियन्स (वेळा सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप) म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले 12: 900 भागिले 12, म्हणजे 75. एवढंच. फक्त फाशाला हे सूत्र लावू नका, त्यावर सुटे सहा आकडेच असतात, मधलं काही नसतं. 1 ते 6 मध्ये रुंदी 5 धरून 25/12 येतं, खरं उत्तर 35/12 आहे. क्लासच्या "एका पानात सगळी सूत्रं" झेरॉक्सवर हा फरक नव्हता, आणि त्या कागदावर माझा राग अजून आहे. टॉपरला विचारण्यापेक्षा एटीकेटी (राहिलेला विषय) काढून पास झालेल्या सीनियरला विचारा. खड्डा कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. मलाही घावन अशाच एकाने समजावलं.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी (एक गोष्ट घडलीय हे कळल्यावरची शक्यता) आली की घाबरायला होतं, पण तिथेही तेच. 10 मिनिटं उभे आहात, बोट आलेली नाही. पुढच्या 5 मिनिटांत येण्याची शक्यता किती? माझ्या वर्गात बहुतेकांनी 5/30 लिहिलं होतं. अहो, पहिली 10 मिनिटं गेली, आता तवा 20 चाच उरला. पीठ मात्र अख्खी पळी. जाडी 1/20, उत्तर 5/20.