वाचनाची वही ठेवताय? मग या चुका टाळा

३१ डिसेंबरच्या रात्री वर्षभराची वही उघडून बसले. एकूण पुस्तकं ५२. आठवड्याला एक! स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते, तेवढ्यात १७ नंबरवर बोट अडलं. पुस्तकाचं नाव, लेखक, संपल्याची तारीख, आणि शेरा: ‘छान’. त्या पुस्तकातलं मला काही म्हणजे काहीही आठवेना. गाव कुठलं, माणसं कोण, शेवटी काय झालं, सगळं कोरं. वही मागेपुढे चाळली तर ‘छान’ अकरा वेळा, ‘मस्त’ सात वेळा आणि चार ठिकाणी ‘वाचनीय’.

त्याची शिक्षा पंधरा दिवसांत मिळाली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण पुस्तकांवर गप्पा मारायला जमतो. जानेवारीच्या बैठकीत नेमका त्याच पुस्तकाचा विषय निघाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, “तू वाचलंयस ना गं? त्या शेवटाचं काय वाटलं तुला?” मी म्हटलं, “छान आहे.” पुढची दहा मिनिटं चहा ओतायचं काम मी फार मन लावून केलं.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: शेऱ्याच्या जागी शाबासकी लिहिणं. चार तारे, पाच तारे हाही त्यातलाच प्रकार. सहा महिन्यांनी त्या ताऱ्यांवरून काहीही उलगडत नाही. आता मी तीनच गोष्टी लिहिते. कुठे थांबले, कुठे वैतागले, आणि हे कोणाला वाचायला देईन. परवाची नोंद जशीच्या तशी देते:

“पान ८८. आजी शिळी भाकरी ताकात कुस्करते आणि सुनेकडे न बघता वाटी पुढे सरकवते. भांडण मिटलं, एक शब्द न बोलता. मधला कोर्टकचेरीचा भाग ताणलाय. शेवट उरकून टाकला. धाकट्या जाऊबाईंना आवडेल.”

लिहायला चार मिनिटं लागली. पण ती वाटी मला अजून दिसते, आणि त्या वाटीवर कट्ट्यावर अर्धा तास बोलता येतं.

याच्या उलट टोकाची चूकही केली आहे. एका वर्षी १ जानेवारीला चौदा रकाने आखले होते: प्रकार, प्रकाशक, किंमत, पानं, मुखपृष्ठ कोणाचं, वाचतानाचा मूड (!), पाच रंगांची पेनं. संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत वही कपाटात गेली. ज्या रकान्याकडे तुम्ही वर्षभरात एकदाही वळून बघणार नाही, तो आखूच नका. दोन रकाने मात्र सोडू नका. एक, ‘हे पुस्तक कोणी सुचवलं’. वर्षाअखेरीस कळतं की आपली आवड नक्की कोणाशी जुळते. दुसरा, अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव. मूळ लेखकाचं कौतुक करताना मराठी कोणी लिहिलं हे आपण सर्रास विसरतो.

नुसता पान नंबर लिहिणं हीसुद्धा फसवी सवय आहे. वाचनालयाचं पुस्तक परत जातं, कट्ट्यावर दुसऱ्याकडे नवी आवृत्ती असते, आणि तुमचं पान ८८ त्यांच्याकडे ७१ निघतं. मग सगळे पानं उलटत बसतात. पानाबरोबर प्रकरणाचा नंबर लिहा आणि आतल्या पानावरून आवृत्तीचं साल टिपून ठेवा. उतारा हवा असेल तर पुस्तक परत करण्याआधीच उतरवून घ्या. ‘नंतर फोटो काढू’ म्हणून तो कधी काढला गेलाय?

कॉम्प्युटरवर नोंद ठेवणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या. माझ्या शीटमध्ये पु. ल. देशपांडे तीन निघाले. एकदा ‘पु. ल. देशपांडे’, एकदा मधली जागा न सोडता ‘पु.ल. देशपांडे’ आणि एकदा नुसतं ‘पुलं’. यंत्राच्या लेखी ही तीन वेगळी माणसं, त्यामुळे लेखकवार मोजणी साफ चुकली. उपाय साधा: लेखकांची एक यादी करा आणि नाव दर वेळी तिथूनच उचला. दुसरी गंमत म्हणजे दोन भागांच्या कादंबरीसाठी इंग्रजी आकड्यांत एक, डॅश, दोन असं टाइप केलं, एंटर दाबला आणि तिथे चक्क तारीख उमटली. तो रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवायचा. आणि पानांची बेरीज शून्य येत असेल तर आकडे देवनागरीत टाइप केलेत का ते बघा. माझ्या शीटने ते आकडे अक्षरं समजून सोडून दिले होते. भाषाप्रेमाची ही किंमत मी एक अख्खी दुपार मोजली.

आता दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचं वर्ष खरं तर दिवाळीपाशीच वळण घेतं. पण वहीत अंक धरायचा कसा? अख्खा वाचला तर एक पुस्तक? तीन कथा आणि राशिभविष्य वाचलं तर पाव? यावर आमच्याकडे भांडणं झाली आहेत. माझं मत असं की अंक मोजूच नये. आवडलेला मजकूर सुटा नोंदवावा: कथेचं नाव, लेखक, अंक, साल. नाहीतर मार्चमध्ये ‘ती विहिरीची कथा कुठल्या अंकात होती हो?’ अशी शोधाशोध सुरू होते. तोवर निम्मे अंक लायब्ररीत परत गेलेले असतात आणि उरलेले रद्दीत.

मोजण्यावरून आठवलं. वर्षाचं टार्गेट ठरवण्यात वाईट काही नाही, पण डिसेंबर आला की त्याचं भूत मानगुटीवर बसतं. ५२ गाठायला मी शेवटच्या रविवारी चार कवितासंग्रह एका बैठकीत उरकले. आज त्यातली एक ओळ सांगता येत नाही. तेव्हापासून अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचंही वेगळं पान ठेवलंय, का सोडलं त्या कारणासकट. हे पान कट्ट्यावर सगळ्यात जास्त चालतं. ‘अहो, तिथेच सोडलंत? पुढच्याच प्रकरणात तर मजा आहे!’

वहीचं शेवटचं पान उधारीचं. कोणाला दिलं, कधी दिलं. नसेल तर आजच आखा.

गप्पांमध्ये आम्ही काय काय बिघडवलं, तेही सांगते. शेवट फोडणं हा पहिला गुन्हा. आता ‘हे कोणाचं वाचायचं राहिलंय?’ एवढं आधी विचारून घेतो. त्याहून वाईट म्हणजे ‘काय! तू हे अजून वाचलं नाहीस?’ हे वाक्य. एक कॉलेजातला मुलगा दोनदा आला आणि हे ऐकून पुन्हा फिरकला नाही. तो काय वाचत होता, ते आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. आणखी एक खोड म्हणजे यादी वाचून दाखवणं. प्रत्येक जण या महिन्यात वाचलेली सहा-सहा नावं सांगतो आणि गप्पा तिथेच आटपतात. बैठक अशी थंड पडत असेल तर एक नियम करून बघा: प्रत्येकाने एकच परिच्छेद मोठ्याने वाचायचा. आमच्याकडे एकदा ते भाकरीचं पान वाचलं आणि निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं, की आजीने वाटी सरकवली तो समेट नव्हेच, तो हुकूम होता. मी नोंदीत ‘भांडण मिटलं’ लिहिलं होतं. खोडलं नाही, शेजारी दुसऱ्या शाईने त्यांचं म्हणणं लिहिलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा नेहमीचा त्रास म्हणजे पीडीएफ. ‘वाचनीय पुस्तक, सर्वांना पाठवा.’ आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापू शकतं. पण गेल्या वर्षीच्या कादंबरीचं स्कॅनिंग फिरवणं म्हणजे लेखकाच्या ताटातलं उचलणं. आमच्या ग्रुपवर अशी फाइल आली की अ‍ॅडमिन बाई ती काढून टाकतात आणि खाली लिहितात, ‘लायब्ररीत आहे. मी बघून आले.’

१७ नंबरचं पुस्तक परवा पुन्हा आणलं. चाळीस पानं झाली, तरी पहिल्यांदाच वाचतेय असं वाटतंय. पान २३ वर समासात पेन्सिलीची बारीक खूण आहे. लायब्ररीच्या पुस्तकात खुणा करणाऱ्यांवर मी नेहमी तोंडसुख घेते, पण ती माझीच असावी असा दाट संशय आहे.