त्र्यंबकचा नाकतोडा, सिन्नरचा नाकतोडा

एकाच जातीचा कीटक शेजारशेजारच्या दोन टापूंत लहान-मोठा का भरतो, हा विषय एम.एस्सी.ला घेणार असाल तर नाशिकसारखी जागा नाही. पश्चिमेला त्र्यंबकचा धो-धो पाऊस आणि भातखाचरं. दुसऱ्या बाजूला पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटरवर सिन्नरचा अवर्षणाचा टापू, तिथे बाजरी आणि मका. भातावरचा हिरवा नाकतोडा, हायरोग्लिफस बनियन, मला दोन्हीकडे बांधावर मिळाला.

पहिल्या हंगामातली माझी मोजणी फुकट गेली. त्र्यंबकचे नाकतोडे ऑगस्टअखेरीस धरले, सिन्नरचे तीन आठवड्यांनी, आणि डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत लांबी घेतली. मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "नर-मादी वेगळे केलेस का?" नव्हते केले. या नाकतोड्यात मादी नराहून मोठी असते, शिवाय अंडी भरली की तिचं पोट फुगतं. म्हणजे मी टापूंमधला फरक मोजतच नव्हतो.

म्हणून पोटाच्या वाटेला जाऊ नका. मागच्या पायाची मांडी आणि मानेवरची ढाल मोजा. शेवटची कात टाकल्यावर हे कठीण भाग वाढत नाहीत. पंख पूर्ण आलेलेच घ्या, पिल्लं सोडून द्या. डिजिटल व्हर्नियरने प्रत्येक माप तीनदा घ्या, तेही डबीवर गावाचं नाव न ठेवता, नुसता आकडा टाकून. गाव माहीत असलं की हात नकळत हवं तिकडे झुकतो.

कारणाचा धागा मला सिन्नरच्या एका बांधावर सापडला. तिथले काका म्हणाले, "पाऊसच उशिरा आला तर पेरा उशिरा, नाकतोडं बी उशिरा. मग ते मोठं कधी व्हायचं?" या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी. जमिनीतली अंडी पावसाबरोबर फुटतात आणि हिरवा चारा वाळायच्या आत वाढ उरकावी लागते. हंगाम आखूड तर अंग लहान, असं बऱ्याच नाकतोड्यांत दिसतं. पण तापमानही आकार बदलतं: थंडाव्यात बहुतेक कीटक सावकाश वाढतात आणि मोठे होतात. चाऱ्याचा कस हे तिसरं कारण. शेतात ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, तिथे नुसतं मोजून ती सुटी होत नाहीत.

त्यासाठी दोन्हीकडची अंडी एकाच खोलीत, एकाच तापमानात आणि एकाच चाऱ्यावर वाढवावी लागतात. तरीही फरक टिकला तर तो आनुवंशिक असण्याची शक्यता वाढते. मोठ्या अंड्यातून मोठं पिल्लू हा आईचा वाटा मात्र पहिल्या पिढीत उरतोच, आणि दुसरी पिढी बघायची तर आणखी एक वर्ष. प्रकल्पात तेवढा वेळ नसतो. तेव्हा पहिल्या पिढीपुरतंच लिहा, पण तसं स्पष्ट लिहा.

अंडी पावसाळा संपता संपता जमवून ठेवा, शेतकऱ्याला विचारून बांधाची माती हलकेच उकरा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर शोधायला गेलात तर हाती रिकामी टरफलं लागतील.