नववी ते बारावी: वाटा खुल्या ठेवून करिअरचे नियोजन कसे करावे

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरपासून राजारामपुरीपर्यंत गुणवंतांचे फलक झळकू लागतात आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा "मग, पुढे काय?" असे विचारतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला या प्रश्नाचे पक्के उत्तर देता येत नाही, आणि ते देता यायलाच हवे असेही नाही. आयुष्यभराचा व्यवसाय या वयात ठरला नाही तर फारसे बिघडत नाही. मात्र कोणता निर्णय पुढे बदलता येतो आणि कोणता बदलता येत नाही, हे ठाऊक नसेल तर पुष्कळ बिघडते. म्हणून नियोजनाची सुरुवात आवडीनिवडीच्या चाचण्यांपासून न करता न बदलणाऱ्या निर्णयांपासून करावी.

आधी गणिताचा निर्णय

असा पहिला मोठा निर्णय अकरावीच्या प्रवेश अर्जातच दडलेला असतो. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुतांशी बंद होते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी या अभ्यासक्रमांसाठीची 'नीट' ही प्रवेश परीक्षा सहसा देता येत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजेच एनडीएत, भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. शिवाय लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण एकट्या गणिताचे असल्यामुळे कला शाखेतून जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही गणिताची तयारी चुकत नाही. वाणिज्य शाखेतही हाच पेच थोड्या सौम्य रूपात येतो. अकरावीला गणित घ्यायचे की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती), हे अनेक विद्यार्थी मैत्रिणीने किंवा मित्राने काय घेतले यावरून ठरवतात, आणि तीन वर्षांनी संख्याशास्त्राकडे किंवा अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणाकडे वळावेसे वाटले तेव्हा अडतात.

"सायन्स घे, म्हणजे सगळ्या वाटा खुल्या राहतात" हा सल्ला कोल्हापुरात घरोघरी दिला जातो. तो अर्धा खरा आहे. विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्य शाखेकडे पदवीला जाता येते आणि उलट दिशेने सहसा जाता येत नाही, हे बरोबर आहे. परंतु ज्याला नववीपासून सूत्रे पाठ करूनच निभवावे लागत होते, त्याने केवळ खुल्या वाटांसाठी विज्ञान घेतले तर बारावीला पन्नास टक्क्यांवर येऊन त्याच्यापुढच्या अनेक वाटा गुणांअभावी बंद होतात. विषय जमतो आहे पण ध्येय ठरलेले नाही, अशा विद्यार्थ्याने गणित ठेवावे. विषय मुळातच जमत नसेल तर पालकांच्या समाधानासाठी दोन वर्षे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिप्लोमा आणि आयटीआय यांच्याविषयी मात्र घराघरांत असलेला गैरसमज दूर व्हायला हवा. शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांत दहावीच्या गुणांवर तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआय पूर्ण करणाऱ्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा मार्ग असतो. या दोन्ही वाटा कमी गुणवाल्यांसाठीच आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

काम जवळून पाहा

अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांत फार अंतर असते. ते अंतर समजून घेण्यासाठी कोल्हापूरइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदी व्यवसाय, साखर कारखाने, गुऱ्हाळे, दूध संघ आणि सीपीआर रुग्णालय हे सारे एसटीच्या अंतरावर आहे. नववीच्या किंवा दहावीच्या सुट्टीत ओळखीच्या माणसामार्फत परवानगी घेऊन यांपैकी दोन-तीन ठिकाणी किमान एक पूर्ण दिवस थांबावे. घाईने फेरी मारून फोटो काढण्याचा येथे काही उपयोग नाही.

उदाहरणादाखल एखादी फौंड्री, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग घडवणारा कारखाना, पाहा. दारातून पाहणाऱ्याला तेथे फक्त धूर, वाळू आणि वितळलेले लोखंड दिसते. दिवसभर थांबणाऱ्याला कळते की पॅटर्नचे डिझाइन संगणकावर कोणीतरी करते, साच्याच्या वाळूतील ओलावा कोणीतरी प्रयोगशाळेत तपासते, भट्टीतील धातूचा नमुना ओतण्यापूर्वी तपासला जातो, आणि तयार कास्टिंग मशिनवर चढवून अर्धे काम झाल्यावर आत पोकळी सापडली की तो नग बाद होतो. आतापर्यंतची सारी मजुरी वाया गेलेली असते, आणि मग दोष वाळूत होता, धातूत होता की ओतण्यात, यावर वाळूवाला, भट्टीवाला आणि तपासणी करणारा यांची बैठक बसते. त्या बैठकीत शांतपणे कारण शोधणारी व्यक्ती बहुधा धातुशास्त्र शिकलेली असते. या शाखेचे नाव दहावीच्या वर्गात क्वचितच ऐकू येते. त्याच छपराखाली आयटीआय झालेला मशिनिस्ट, डिप्लोमा झालेला सुपरवायझर, पदवीधर अभियंता, निर्यातीची कागदपत्रे पाहणारी वाणिज्य पदवीधर आणि जीएसटीचे विवरणपत्र भरणारा लेखापाल असे सगळे असतात. मेकॅनिकल घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नावर घरात महिनाभर चर्चा करण्यापेक्षा असा एक दिवस अधिक शिकवतो.

भेटीत विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यावेत. शिफ्ट किती वाजता सुरू होते, पहिला पगार हातात किती आला, पाच वर्षांनी तो किती झाला, कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, आणि आज पुन्हा अकरावीत असता तर काय वेगळे शिकला असता, एवढे विचारले तरी पुरे. पगाराचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. तो मालकांना न विचारता दोन-चार वर्षांपूर्वी लागलेल्या कामगाराला किंवा तरुण अभियंत्याला विचारला तर सरळ उत्तर मिळते. उत्तरे त्याच संध्याकाळी वहीत उतरवावीत, कारण आठवडाभराने मनात केवळ "छान होते" किंवा "बेकार होते" एवढेच उरते.

रुग्णालयातही हेच करावे. डॉक्टर होणे म्हणजेच वैद्यकीय क्षेत्र, ही समजूत सीपीआरच्या एका मजल्यावर दोन तास थांबले तरी गळून पडते. परिचारिका, लॅब टेक्निशियन, एक्स-रे तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि औषधनिर्माता यांच्याशिवाय तेथील एकही विभाग चालत नाही. वकिलीचा विचार असेल तर न्यायालयातील कामकाज पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून येथील तरुण वकिलांपुढचे चित्र पालटले आहे, आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाकडे अधिक गांभीर्याने पाहण्यास ते पुरेसे कारण आहे.

परीक्षांचे गणित

राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) असे दोन गट असून प्रत्येक गट २०० गुणांचा असतो. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. 'नीट'मध्ये १८० प्रश्नांना ७२० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. त्यामुळे दोन्ही परीक्षांची उत्तरे सोडवण्याची सवय वेगळी लागते आणि "एकाच अभ्यासात दोन्ही होईल" हे क्लासचे आश्वासन जपूनच घ्यावे. कृषी पदवीचा प्रवेशही सीईटीवरच होतो. शेती असलेल्या घरातील मुलांनी हा पर्याय 'काहीच मिळाले नाही तर' या रकान्यात टाकू नये. कोल्हापुरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. तसेच वस्त्रोद्योग शिकायचा असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीईसारखी संस्था दारात आहे.

सीईटीच्या धांदलीत बोर्डाची परीक्षा दुय्यम ठरते आणि तेथे फसगत होते. अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण आवश्यक असतात. सीईटीचे पर्सेंटाइल उत्तम असूनही बोर्डात अडकलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात. महाविद्यालय कागदावर आणि दिवसभर क्लास, अशी व्यवस्था स्वीकारण्यापूर्वी तेथे प्रात्यक्षिके खरोखर घेतली जातात का, हे तेथील आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला विचारावे.

पोलिस भरती आणि स्पर्धा परीक्षा यांचे आकर्षण आपल्या जिल्ह्यात मोठे आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. पोलिस शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण ही अट असते. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. राज्यसेवेला पदवी लागते. येथे नियोजनाचा एकच मुद्दा महत्त्वाचा आहे: तयारी सुरू करतानाच ती कोणत्या वर्षी थांबवायची आणि थांबवल्यावर कोणत्या शिक्षणाच्या आधारावर नोकरी शोधायची, हे घरच्यांच्या साक्षीने लिहून ठेवावे. अभ्यासिकेत तिशी गाठल्यावर हा निर्णय घेणे फार कठीण जाते. खेळाडूंनाही हे लागू आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले तेव्हा ते मध्य रेल्वेच्या नोकरीत होते. खेळ आणि उपजीविका यांचा विचार त्यांनी बरोबरीने केला होता. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे आताच नीट फाइल करावीत.

खर्चाचा कागद

पालकांबरोबर बसून एका कागदावर चार वर्षांचा पूर्ण खर्च मांडावा. त्यात शुल्काबरोबर वसतिगृह, मेस, प्रवास आणि लॅपटॉप हेही धरावे, कारण पुण्यातील शासकीय महाविद्यालयाचे कमी शुल्क आणि तेथील राहण्याचा खर्च यांची बेरीज कधी कधी घरून ये-जा करून शिकण्यापेक्षा जास्त होते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. महाविद्यालय निवडताना फलकावरील 'सर्वाधिक पॅकेज' न पाहता तुमच्या शाखेतील साठ मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे विचारावे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या मुलाचे शिक्षण राहण्या-जेवणापायी अडते हे ओळखूनच. त्यांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते.

कागदपत्रे अकरावीतच

जूनमध्ये सेतू केंद्रापुढे लागणारी रांग टाळता येते. वय-अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवावा, आणि उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत प्रवेशाच्या वर्षी संपत नाही ना, हे पाहावे. सर्वाधिक वेळ जात पडताळणीला लागतो. पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो, म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या प्राथमिक शाळेतून काढावा लागतो. जुन्या रजिस्टरमध्ये नाव किंवा आडनाव वेगळे निघाले तर दुरुस्तीत महिने जातात. म्हणून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर हे एक काम आधी उरकावे आणि महाविद्यालयामार्फत अर्ज करावा.

शेवटी उरतो पसंतीक्रमाचा अर्ज. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेरीत चांगले काही मिळेल का, हे पाहण्याची सोय राहत नाही. त्यामुळे सायबर कॅफेत बसून ऐनवेळी क्रम लावू नये. आदल्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून घरीच यादी करावी, प्रत्येक नावापुढे ते तेथे का आहे याचे एका ओळीत कारण लिहावे, आणि ज्या पर्यायापुढे "मित्राने टाकले आहे" याखेरीज काही लिहिता येत नाही, तो खोडून टाकावा.