तंबू टपावर चढवण्याआधी

गाडीच्या टपावर बसवून आत झोपायचा तंबू घरी आला की चार मित्रांना हाक मारावी आणि तो तसाच वर चढवून टाकावा असं वाटतं. खोका तूर्त भिंतीला टेकवून ठेवा आणि आधी गाडीची माहितीपुस्तिका शोधा. ती बहुधा ग्लव्ह बॉक्समध्ये सर्व्हिसिंगच्या पावत्यांखाली दबलेली सापडेल. टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल, हा आकडा तिच्यात दिलेला असतो, आणि तो चालत्या गाडीसाठीचा असतो. अनेक एसयूव्हींना तो ७५ किलोच्या आसपास भरतो, काहींना ५०, तर काहींना १००. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरला चालताना १६८ आणि उभी असताना ३०० किलो चालतात, पण अशी गाडी विरळा.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा मर्यादा ७५ किलो आहे. तंबू ज्यांच्यावर बसतो त्या टपावरच्या दोन आडव्या दांड्या, त्यांना टपाला धरून ठेवणाऱ्या पायांसकट, ७ किलो, दोघांचा कापडी तंबू ५५ किलो आणि आतच गुंडाळून ठेवलेली पांघरुणं-उशा ४ किलो. बेरीज ६६, म्हणजे जमलं. हौस म्हणून दांड्यांच्या जागी टपभर पसरलेला सपाट रॅक घेतला, तर तो एकटाच २८ किलो खाऊ शकतो आणि तीच बेरीज ८७ वर जाते. तंबू निवडताना किलोकिलोचा हिशेब करणारी माणसं रॅकचं वजन विचारायला विसरतात. रॅक दिसायला देखणा असतो हे मान्य, पण हलक्या गाडीवर मी तरी दोन चांगल्या दांड्याच लावीन. कडक कवचाचा तंबू घ्यायचा असेल तर वजनकाटा आणखी जवळ ठेवा. दोघांचा कडक तंबू सहज ६०-७० किलोचा असतो, मोठे ९० च्याही वर जातात.

मग रात्री दोन माणसं वर झोपल्यावर टप वाकत कसा नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उभ्या गाडीचा टप चालत्या गाडीच्या मानाने कितीतरी पट भार झेलतो, कारण तेव्हा वजन नुसतं खाली दाबत असतं. गाडी चालू झाली की तेच वजन ब्रेक मारल्यावर पुढे ओढतं, वळणावर बाहेर फेकतं, खड्ड्यात आदळतं. म्हणून कंपन्या चालत्या गाडीचा आकडा इतका कमी धरतात. उभ्या गाडीचा आकडा त्या क्वचितच छापतात. लोक अंदाजाने चालत्या आकड्याच्या तिप्पट ते पाचपट धरतात. पूर्व जर्मनीत ट्रॅबंटसारख्या गाडीवरही टपावरचे तंबू लागत. ६०० सीसीच्याही आतलं टू-स्ट्रोक इंजिन आणि २६ अश्वशक्ती एवढाच त्या गाडीचा जीव, तरी कुटुंबं तिच्यावर झोपून सुट्टी काढत. तेव्हा रात्रीची फार काळजी नको. काळजी दिवसाची करा, त्यातही कच्च्या रस्त्याची. दांड्या बनवणाऱ्या कंपन्या खडबडीत रस्त्यासाठी अनेकदा वेगळा, कमी आकडा देतात; काही जण तर सरळ दीडने भागायला सांगतात. तुमच्या सहलीत फुफाटा आणि दगड असतील तर तोच आकडा खरा.

टपाची मर्यादा, दांडीची मर्यादा आणि दांडीच्या पायांची मर्यादा, या तिन्हींत जी सगळ्यात लहान ती तुमची. गाडीसोबत आलेल्या दांड्या बॅगा आणि सायकली डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांच्यावर किंवा त्यांच्या पुस्तिकेत आकडा सापडला नाही, तर त्या काढून ठेवा.

पुढचं काम गाडीभोवती फिरून टप नीट बघायचं. टपाच्या दोन्ही कडांना पुढून मागे जाणाऱ्या सळ्या असतील आणि त्यांच्याखालून बोटं आरपार जात असतील, तर दांडीचे पाय त्या सळ्यांना मिठी मारून बसतात. हे सगळ्यात सोपं. सळी टपाला चिकटलेली असेल, बोट जात नसेल, तर तिच्यासाठी वेगळ्या आकाराचे पाय लागतात. आणि सळी हलवून बघा. काही गाड्यांना ती निव्वळ शोभेची असते, आत प्लास्टिक, आणि पुस्तिकेत बारीक अक्षरात ‘यावर वजन लादू नये’ असं लिहिलेलं असतं. जुन्या लँड क्रूझर आणि जुन्या डिफेंडरसारख्या गाड्यांना पाणी वाहून जायला टपाच्या कडेने पन्हळ असते. तिला धरणारे पाय मजबूत बसतात आणि ते दोनापेक्षा जास्त जागी लावता येतात. काही गाड्यांच्या टपावर छोटी झाकणं असतात. ती उघडली की खाली आट्यांची तयार भोकं मिळतात. यातलं काहीच नसेल, टप गुळगुळीत असेल, तर दाराच्या चौकटीत अडकणारे पाय घ्यावे लागतात. त्यांचा संच त्या गाडीच्या त्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी असावा लागतो. ‘जवळपास बसतो’ म्हणून आणलेला संच दाराच्या रबराखाली रंग खरवडतो, आणि पावसात तिथून पाणी आत येतं. जीप रँग्लरसारखं निघणारं छप्पर असेल, तर छपराला हात न लावता बाहेरून खाली बॉडीवर उभा राहणारा सांगाडा घ्या.

मोजपट्टी हातात आहे तोवर आणखी चार मापं घेऊन ठेवा. पुढच्या आणि मागच्या दांडीतलं अंतर तंबूच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किमान अंतराहून कमी नको. दांडीची रुंदी तंबूसोबतच्या पट्ट्यांच्या मापात बसली पाहिजे. विमानाच्या पंखासारख्या रुंद दांड्या इथेच दगा देतात. तिसरं माप दांडीच्या खालून टपापर्यंतचं. तिथे पट्टी, बोल्टचं टोक आणि तुमची बोटं एवढं मावायला हवं. दोन माणसं झोपली की दांडी थोडी लवते आणि लांब राहिलेलं बोल्टचं टोक टपावर किंवा सनरूफच्या काचेवर टेकतं. जास्तीचा बोल्ट करवतीने कापून कानशीने गुळगुळीत करून घ्या. चौथं माप मागच्या दाराचं. ते पूर्ण उघडल्यावर त्याची वरची कड कुठवर येते तिथे टपाच्या बाजूला चिकटपट्टीची खूण करा. मी हे केलं नव्हतं. तंबू सगळे बोल्ट आवळून बसवला, सामान काढायला मागचं दार उघडलं, ते अर्ध्यात तंबूच्या कवचाला ठक्कन लागलं, आणि संपूर्ण तंबू हातभर पुढे घेण्यात दुपार गेली.

पिकअप ट्रकची गोष्ट वेगळी. तिथे टपाच्या आकड्याला सुट्टी देता येते, कारण तंबू हौद्यावर उभ्या केलेल्या सांगाड्यावर ठेवता येतो आणि त्याचं वजन हौद्याच्या मालवाहू क्षमतेतून जातं. सांगाड्यालाही स्वतःचा चालत्या गाडीचा आकडा असतोच, तो विचारून घ्या. उंची तीन प्रकारची मिळते. हौद्याच्या कडेपासून थोडाच वर असलेला सांगाडा गुरुत्वमध्य खाली ठेवतो, पण खाली सामानाला जागा उरत नाही. केबिनच्या उंचीइतका घेतला तर तंबू केबिनच्या आडोशाला राहतो, वारा कमी लागतो, खाली डबे-पेट्याही मावतात. मला हाच सगळ्यात शहाणा वाटतो. केबिनच्याही वर जाणारा सांगाडा हौद्यात उभं राहता यावं म्हणून घेतात, पण मग वळणांवर हेलकावे सोसायची तयारी हवी.

एक मोह मात्र आवरायचा. तंबू लांब आहे म्हणून त्याचं एक टोक केबिनच्या दांडीवर आणि दुसरं हौद्याच्या सांगाड्यावर टेकवू नका. बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा ही दोन वेगळी पेटारं एकाच चॅसीवर स्वतंत्रपणे बसवलेली असतात, त्यामुळे चॅसी पिळली की दोघांची टोकं वेगवेगळी हलतात. पटत नसेल तर एक पुढचं चाक मोठ्या दगडावर चढवा आणि केबिन-हौद्यामधली फट बघा. सपाट जागेवर वरपासून खालपर्यंत सारखी दिसणारी फट वर एका बाजूला सरकलेली दिसेल. ती हालचाल तंबूच्या तळातल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना सोसावी लागली, तर कधीतरी आटे उपसतील नाहीतर पट्टी चिरेल.

सांगाडा हौद्याच्या कडेला शिकंज्याने धरतो की भोक पाडून बोल्टने, तेही बघा. काही हौदे फायबरच्या मिश्रणाचे असतात, काहींची कड नुसता वाकवलेला पत्रा असते. तिथे आतून आधाराची पट्टी हवी. सांगाडा उभा केल्यावर, तंबू ठेवायच्या आधी, त्याच्या वरच्या कोपऱ्याला हात घालून आडवा जोरात हलवा. गाडी डुलली तर ठीक. गाडी स्थिर राहून सांगाडाच पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका अंगाला कलत असेल, तर त्याला तिरके आधार हवेत. हौद्यावर फायबरचं झाकण, म्हणजे कॅनोपी असेल, तर तिच्या छपराचा आकडा वेगळा विचारा, आणि कॅनोपी हौद्याला किती शिकंज्यांनी धरली आहे तेही मोजा. वजन शेवटी तिथूनच खाली जाणार आहे.

तंबू कुठल्या बाजूला उघडायचा हे टपावर चढवण्याआधीच ठरवा, नंतर फिरवणं म्हणजे सगळं पुन्हा. मागे उघडला तर हौद्याच्या फाळक्यावर किंवा मागच्या दारावर आयती सावली मिळते. बाजूला उघडायचा असेल तर रस्त्याच्या कडेला थांबल्यावर शिडी रहदारीच्या विरुद्ध अंगाला यावी. घडी उलगडणाऱ्या तंबूत बाहेर आलेल्या अर्ध्या पलंगाचा भार शिडीवर असतो, म्हणून शिडी जमिनीपर्यंत नीट पोचली पाहिजे. गाडी उंच केलेली असेल तर जास्तीची लांबी आधीच मागवा.

आता नट-बोल्ट. बहुतेक तंबूंच्या तळाला दोन लांब खाचा असतात. त्यांत बोल्टचं डोकं सरकवायचं, दांडीखालून पट्टी लावायची, वायसर घालायचा आणि नायलॉनची कडी असलेला नट आवळायचा. बोल्ट बहुधा ८ मिलिमीटरचे, म्हणजे १३ चा पाना. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना घाई केली की आटे तापून एकमेकांना चावतात आणि नट जागीच जाम होतो, पुढेही जात नाही, मागेही येत नाही. माझा एक नट असाच अर्ध्यात अडकला. शेवटी टपावर चादर अंथरून, दांडीखाली हात घालून, हॅकसॉच्या नुसत्या पात्याने तो बोल्ट कापावा लागला. तेव्हापासून मी आट्यांना अँटीसीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, एक ठिपका लावतो आणि बॅटरीवरचं ड्रिल बाजूला ठेवून हातानेच आवळतो. किती आवळायचं ते पुस्तिकेत असतं. वंगण लावल्यावर त्याच जोरात नट जास्त घट्ट बसतो, हे ध्यानात ठेवा. नायलॉनचे नट काढले की पुन्हा वापरू नका, त्यांची पकड गेलेली असते. झटपट निघणारे खटके मिळतात, पण मी ते लावत नाही. वरखाली होणारा प्रत्येक जास्तीचा सांधा मला तपासावा लागतो. चोरीची भीती वाटत असेल तर किल्ली लागणारे नट दोनच बसवा, एकेका दांडीवर एक.

चढवायचा दिवस वाऱ्याचा नको. चार माणसं असतील तर चार कोपरे धरून उचला. दोघंच असाल तर मागच्या बाजूला जाड घोंगडी टाकून तिच्यावरून सरकवत न्या. आधी सगळे बोल्ट बोटांनीच लावा. दोन्ही बाजूंची मापं सारखी आहेत का बघा, मगच पाना घ्या आणि समोरासमोर नव्हे तर तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळत जा. शेवटी प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट एक रेघही फिरला तर ती तुटलेली दिसते, पाना काढायच्या आधीच. मग तंबूला धरून हलवा. गाडी त्याच्यासोबत डुलली पाहिजे, तंबू एकटा हलता कामा नये.

निघण्यापूर्वी जमिनीपासून तंबूच्या माथ्यापर्यंत उंची मोजा आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. कापडी तंबू बंद असताना साधारण एक फूट वाढवतो. तळघरातल्या पार्किंगची कमान तेवढ्यानेही कमी पडते. टायरमधली हवा सामानाने पूर्ण लादलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर न्या. बाजूच्या वाऱ्यात गाडी पूर्वीसारखी सरळ धावणार नाही, डिझेल-पेट्रोलही जास्त लागेल.

पहिली रात्र घरासमोरच काढा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली विटा. गादीवर पाणसळ ठेवून बघा, आणि उतार राहिलाच तर डोकं चढाच्या बाजूला करा. कापडावर पाइपने पाणी मारा, वाळू द्या, पुन्हा मारा. सुती कापडाच्या शिवणी पहिल्यांदा भिजल्यावर फुगून बंद होतात. सकाळी गादी उचलून खाली हात फिरवा. दमटपणा लागला तर खाली हवा खेळेल अशी जाळी अंथरायला आत्ताच आणा.

मग एक छोटी फेरी, पन्नासेक किलोमीटरची, थोडा कच्चा रस्ता असलेली. परत आल्यावर खाली वाकून विजेरीने सगळ्या पांढऱ्या रेघा बघा आणि सैल झालेले नट आवळा. पहिल्या खेपेला एकदोन सापडतातच, कारण रबरी पाय दबून बसलेले असतात. १३ चा पाना, दोन जास्तीचे नट आणि ती विजेरी ग्लव्ह बॉक्समध्ये पुस्तिकेच्या शेजारी ठेवून द्या.