स्लॅशर करताय? या चुका टाळा

स्लॅशरची, म्हणजे एकेकाला गाठून मारत सुटलेल्या खुन्याच्या सिनेमाची, पटकथा हातात येते. जुना वाडा, सात मित्र, मुखवटेवाला खुनी. सहाही खून हौसेनं रंगवलेले, पण खुनी कोण? ‘ते शूटवर ठरवू.’ मग कशाला करताय?

मी आधी लाँगबुकात खुन्याचा दिनक्रम लिहितो. प्रत्येक खुनाच्या वेळी कोण कुठे होतं, कुणी पाहिलं. दरवेळी निदान दोघांचा ठावठिकाणा लागता कामा नये. आणि खुनी पहिल्या वीस मिनिटांत प्रेक्षकाला भेटलेला हवा. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये खुनी बाई थेट शेवटाकडे उगवते. त्यांचं खपलं. आपल्याला शिव्या बसतील.

रक्तासाठी सरबत नको, कॅमेऱ्यात गुलाबी दिसतं. केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. मुंग्या येतात, येऊ द्या. घरमालकाची भिंत तेवढी सांभाळा.

अंधार म्हणजे लाइट न लावणं नव्हे.

मुखवट्यावर पैसे उधळू नका. ‘हॅलोवीन’चा (१९७८) मुखवटा म्हणजे दोन डॉलरच्या आत मिळालेला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा, वरून पांढरा रंगवलेला. फक्त दोन नग घ्या.

आता माझा लाडका घोळ. मुखवट्याआड कुणीही चालतं, हा समज. कोकणात चार रात्रींचं शूट होतं. तिसऱ्या रात्री आमच्या खुन्याची एसटी चुकली. रेनकोट, मुखवटा चढवला की कोण ओळखतंय, म्हणून स्पॉटदादांच्या हाताखालचा पोऱ्या उभा केला. त्यानं कोयता डाव्या हातात धरला. पहाटे तीनला कुणाचं लक्ष असतं? एडिटला बसलो तेव्हा कळलं. आमच्या सिनेमात डावखुरा एकच, सुरुवातीला डाव्या हातानं सही करणारा निर्दोष मामा. ज्याला ज्याला रफ कट दाखवला त्यानं मामालाच धरलं. मी शहाणपणा करून शॉट फ्लिप केला. कोयता उजव्या हातात आला आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं झालं. दोन रात्री एकेका फ्रेममधलं ते कॅलेंडर काळं करत बसलो.

हल्ली मुखवटा घालायला कुणी पुढे आला की आधी त्याच्या हातात पेन देतो आणि सही करायला लावतो.