पहिला डीजे कंट्रोलर आणि पहिला सराव

पहिला डीजे कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं यंत्र) घेताना चार चॅनेलचा, म्हणजे एका वेळी चार गाणी हाताळण्याचा, मोह टाळा, शिकायला दोन पुरतात. पॅडचे रंगीत दिवे बघण्याआधी सॉकेट बघा: हेडफोन आणि मास्टर (स्पीकरकडे जाणारा मुख्य आवाज) यांचे आउटपुट वेगळे हवेत, म्हणजे साउंड कार्ड कंट्रोलरमध्येच हवं. नाहीतर पुढचं गाणं आधी फक्त कानात ऐकता येत नाही आणि सगळंच अडतं. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, मग बीट जुळलेत की नाही हे कळणार कसं?

सरावाला सिंक (टेम्पो आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवा आणि स्क्रीनवरचे वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) चक्क कागदाने झाका. डोळे फार लवकर कानांचं काम बळकावतात. १२६ बीपीएमचं (मिनिटाला १२६ ठोक्यांचं) गाणं चालू असताना १२४चं आणायचं असेल तर टेम्पो स्लायडर साधारण +१.६ टक्क्यांवर न्या. ३२ बीटचा नवा तुकडा सुरू होतो त्याच ठोक्यावर गाणं सोडा. थोडं मागेपुढे झालं तर जॉग व्हीलला (गाणं पुढेमागे ढकलणाऱ्या गोल चाकाला) हलका धक्का पुरतो. पण दर काही सेकंदांनी एकाच दिशेने धक्का द्यावा लागत असेल, तर चूक टेम्पोत आहे. स्लायडर केसभर सरकवा.

दोन्ही गाण्यांचा बास एकदम वाजला की आवाज गढूळ होतो. नवं गाणं त्याचा लो नॉब (बास कमी-जास्त करणारं बटण) पूर्ण खाली ठेवून आणा आणि पुढच्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर बासची अदलाबदल करा.

चॅनेलचा मीटर लाल झाला तर मास्टर नव्हे, त्या चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करा. आवाज तडतडत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (वाजवण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) २५६ वरून ५१२ सॅम्पलवर न्या.