सुपरफ्लुइड डेन्सिटी मोजताना या चुका टाळा

सुपरफ्लुइड डेन्सिटी म्हणजे अतिवाहकात विनारोध वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची घनता. तिचा तापमानानुसार काढलेला आलेख तळाशी, म्हणजे अगदी कमी तापमानाला, सपाट दिसला की ‘हा एस-वेव्ह’ (सगळ्या दिशांना गॅप असलेला; गॅप म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा) म्हणून मोकळे होणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मीही एकदा तेच केलं होतं. जुलैची संध्याकाळ, पाऊस कोसळत होता, लोकल बंद पडण्याआधी घर गाठायचं होतं, हीलियमही संपत आलेलं. तापमान चढवत मोजण्याचा दोन तासांचा स्वीप वीस मिनिटांत उरकला. वायबीसीओ या तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिवाहकाची पेनिट्रेशन डेप्थ (चुंबकीय क्षेत्र आत किती खोल शिरतं ते; ती वाढली की डेन्सिटी घटते) तळाशी हलेचना. म्हणजे पूर्ण गॅप! रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी सरांनी एवढंच विचारलं, “तापमान उतरतानाची रीडिंग्ज कुठायत?” घेतलीच नव्हती. घेतल्यावर दोन रेघा जुळेनात. थर्मामीटर हीटरलगत, स्फटिक सफायरच्या कांडीच्या टोकाला ग्रीसने चिकटवलेला. थर्मामीटर तापत होता, स्फटिक अजून थंडच. सावकाश मोजल्यावर सरळ रेघ आली, केल्विनला साधारण 4 अँगस्ट्रॉम. हार्डी आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मायक्रोवेव्हने दाखवली तशीच. तेव्हापासून चढती आणि उतरती रेघ एकमेकींवर बसल्याशिवाय मी फिटला हात लावत नाही. घाई असेल तर त्या दिवशी मोजूच नका.

तळाशी रेघ तापमानाच्या वर्गानुसार वाढताना दिसली म्हणून नोड (गॅप शून्य होतो त्या दिशा) नाहीत असं ठरवू नका. डी-वेव्हमध्ये (जिथं गॅप काही दिशांना शून्य होतो आणि त्याचं चिन्ह बदलतं) अशुद्धी असली की सरळ रेघेची तिथं वर्गरेषा होते. जस्त घातलेल्या नमुन्यांत हे स्पष्ट दिसतं. आधी स्फटिक तपासा, मग सिद्धांत.

उलट, सरळ रेघ आली म्हणून डी-वेव्ह सिद्ध होत नाही. ती फक्त सांगते की गॅप कुठेतरी शून्य होतो. गॅपचं चिन्ह बदलतं का, हे कळायला फेजचा प्रयोग लागतो. त्सुएई आणि कर्टली यांनी 1994 मध्ये तीन स्फटिकांच्या सांध्यावर अर्धा फ्लक्स क्वांटम (अतिवाहकात अडकणाऱ्या चुंबकीय फ्लक्सच्या एककाचा अर्धा भाग) पाहिला, तो यासाठीच मोलाचा.

फिट क्रांतिक तापमानाच्या (ज्याखाली अतिवाहकता येते) तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. वायबीसीओसाठी, म्हणजे 93 केल्विनला, तो 30 केल्विनच्या आसपास.

शून्य तापमानाची पेनिट्रेशन डेप्थ दुसऱ्याच्या पेपरातून उचलू नका. बहुतेक तंत्रं फक्त बदल मोजतात, आणि या डेप्थचा आकडा चुकला की डेन्सिटीचा उतारही चुकतो. शिवाय स्फटिकाच्या ए आणि बी दिशांना ती सारखी नसते, बी दिशेत ऑक्सिजनच्या साखळ्या भर घालतात.

आणि स्फटिक सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. जेलचा निळा रंग गेला की लगेच बदला. मुंबईच्या पावसाळ्यात मी दर सोमवारी डबी उघडून बघतो.